सावलीतला फ्लेक्स

बारावीचा निकाल लागल्यावर तिसऱ्या दिवशी नाथाजी थोरातानं पोरीच्या जुन्या दप्तरातून कंपास शोधून काढला, महाराष्ट्राचा नकाशा कट्ट्यावर पसरला, बोरजाईवाडीच्या जागी टोक रोवलं आणि एक वर्तुळ काढलं. नकाशात बोरजाईवाडी छापलेली नव्हती, म्हणून आधी कराडच्या पूर्वेला पेनानं ठिपका देऊन गाव वसवावं लागलं. वर्तुळाचा अर्थ साधा होता. त्याच्या आतल्या कुठल्याही गावाला सकाळी एस.टी.नं गेलेलं माणूस संध्याकाळी सातच्या आत घरी जेवायला परत येतं.

वर्तुळात कराड आलं, सातारा आला, सांगली काठावर का होईना पण आली. कोल्हापूरही आत येत होतं. पण कोल्हापुरात बायकोचं माहेर, म्हणजे पोरगी मामाकडंच राहिली असती, तेव्हा नाथाजीनं तेवढ्यापुरती रेघ जरा आत घेतली. पुणं बाहेर राहिलं. चांगलं वीतभर बाहेर. ते बघून त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबद्दल थोडं वाईटही वाटलं.

"पप्पा, हे काय चाललंय?" क्रांतीनं विचारलं.

"तुझ्या कॉलेजची रेकी," नाथाजी म्हणाला. "आधी इलाका बघायचा, मग पाऊल टाकायचं."

क्रांतीनं वर्तुळाकडं पाहिलं, पुण्याकडं पाहिलं, आणि कंपास परत पेटीत ठेवून दिला.

नाथाजी चोवीस वर्षं सैन्यात काढून हवालदार म्हणून निवृत्त झाला होता, त्यालाही दोन वर्षं झाली होती. गाव त्याला मेजर म्हणायचं. बोरजाईवाडीत नोकरी संपवून आलेला प्रत्येक फौजी मेजरच असतो. उद्या शत्रू चुकून फाट्यावर उतरला तर त्याला सत्तर-ऐंशी मेजरांशी लढावं लागेल. शिपाई म्हणाल तर एकही मिळायचा नाही.

क्रांती त्याची एकुलती एक. तिची अठरातली सोळा वर्षं त्यानं रजेच्या हिशेबानं पाहिली. ती पहिल्यांदा चालली, ते त्याला फोनवर ऐकावं लागलं. दर रजेला येताना तो कॅन्टीनमधून तिच्यासाठी बूट आणायचा, आणि दर रजेला स्टेशनवर एक वेगळीच, उंच झालेली पोरगी त्याच्यासमोर उभी असायची. आता कुठं तो कायमचा घरी आला होता. आता कुठं संध्याकाळी तिघांची ताटं एका ओळीत लागत होती. आणि नेमकी आत्ताच ती घरातून निघायच्या वयाला आली होती. तिनं जाऊ नये असं त्याला फार वाटत होतं, पण ते तोंडानं म्हणायची त्याची हिंमत नव्हती. मेजर लोकांनी असलं काही बोलायचं नसतं.

पोरीला शिकायचं होतं जाहिरात आणि जनसंपर्क. हे वेड लागलं ते फाट्यावरच्या बिरदेवच्या दुकानात. बिरदेव मूळचा आटपाडीकडचा. त्याचे आईबाप मेंढरं घेऊन दरसाल याच शिवारात उतरायचे. बिरदेवनं मेंढरं थोरल्या भावावर सोपवली आणि फाट्यावर फ्लेक्सचं मशीन टाकलं. गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. वाढदिवस, निवड, नवा ट्रॅक्टर, सगळ्याचा फ्लेक्स लागायचा. एकदा तर बाळंत झालेल्या जर्सी गाईचाही लागला. क्रांती दहावीपासून त्याला अधूनमधून मजकूर लिहून द्यायची. बिरदेवच्या चुलत्याची घोंगडी खपत नव्हती. तिनं चारच शब्द लिहिले, 'मेंढी आमची, थंडी तुमची', आणि दिवाळीच्या आत चुलत्याकडं स्वतःला पांघरायला घोंगडं उरलं नाही. तेव्हापासून बिरदेव तिला दाखवल्याशिवाय कानामात्रा हलवत नसे.

शेजारच्या बाळासोला मात्र हे शिक्षण पटलं नव्हतं. बाळासो साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेला, वयानं मोठा, आणि सल्ला द्यायला कायम मोकळा.

"जनसंपर्क? त्येला डिग्री कशाला लागती रं?" तो म्हणाला. "मी चौतीस वर्षं काट्यावर बसलो. समदा जन माझ्या संपर्कात हुता."

"अण्णा, जाहिरातीचं बी शिकवत्यात त्यात."

"जाहिरात कशाची करत्यात ठावं हाय का? जे खपत न्हाई त्याची. उसाची कवा जाहिरात बघितलीस? पोरीला नर्सिंगला घाल. न्हाईतर डी.एड. कर म्हणावं."

नाथाजीला त्याचं बोलणं पटलं नाही, पण वर्तुळाच्या आत नर्सिंगची सहा कॉलेजं होती ही गोष्ट त्यानं मनात नोंदवली.

रेकी कराडपासून सुरू झाली. तिथल्या एका कॉलेजातला कारकून भला माणूस होता. "जाहिरात ना? आहे की," तो म्हणाला. "कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला एक धडा आहे." एका धड्यासाठी तीन वर्षं म्हणजे फारच झालं, असं नाथाजीलाही वाटलं.

मग सातारा. तिथल्या एका संस्थेच्या माहितीपुस्तिकेत अख्खा विभागच छापलेला होता. प्रत्यक्षात विभागाला कुलूप होतं, किल्ली शिपायाकडं होती, आणि शिपाई मेव्हण्याच्या लग्नाला पाटणला गेला होता. नाथाजीनं खिडकीच्या फटीला डोळा लावला. आत मोडकी बाकडी, जमिनीवर ठेवलेला पंखा आणि भिंतीला टेकवून उभी केलेली पाटी: 'जाहिरात व जनसंपर्क विभाग'.

"पाटी भाईर लावायची असती न्हवं?" त्यानं विचारलं.

"विद्यार्थी आले की लावू," तिथला बाबू म्हणाला.

"पर इद्यार्थी येतील कसं? हितं इभाग हाय हे कुणाला म्हाईतच न्हाई."

बाबूनं सुस्कारा सोडला. "काय करणार साहेब, जाहिरात द्यायला मंजुरी नाही."

परतीच्या गाडीत नाथाजीला गावच्या खालच्या आळीचा ज्योतिबा भेटला. सगळा दिवस वाया गेला हे सांगणं मेजरला शोभलं नसतं. "सातारा झकास हाय," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघत राहिला. हे तीन शब्द पुढं त्याच्या अंगाशी येणार होते.

सोमवारी तो सांगलीला गेला. तिथल्या संस्थेच्या पुस्तिकेवर कारंजं होतं. कारंजं कुठं आहे असं विचारल्यावर रखवालदार म्हणाला, "ते छापखान्याचं हाय." संस्था मात्र खरी होती, आणि ती हळदीच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर होती. खाली हमाल पोती ओतत होते आणि जिन्यातून पिवळा धुरळा वर चढत होता. वर्ग भरत होते, मास्तर होते, पाच-पंचवीस पिवळी पोरं होती. नाथाजीनं घड्याळ काढून हिशेब केला. पाचला सुटणारी गाडी पावणेसातला बोरजाईवाडीच्या फाट्यावर. घरी सातला दहा कमी असताना. त्यानं तिथल्या तिथं अर्ज मागितला.

अर्जात एक रकाना होता: गेल्या पंधरा वर्षांतले पालकाचे वास्तव्य. त्यासाठी दोन ओळी सोडलेल्या होत्या. नाथाजीनं जम्मू, तेजपूर, बिकानेर करत नऊ गावं समासात बसवली. कारकुनानं चष्मा वर केला.

"तुम्ही इथं राहातच नव्हता. मुलगी इथं राहात होती. मग तुम्ही पालक कसे?"

"बाप हाय मी तिचा!"

"असाल. तसं प्रतिज्ञापत्र आणा."

नाथाजी खाली गेला. कोर्टाच्या कोपऱ्यावरच्या टायपिस्टानं स्टॅम्पपेपरवर टाइप करून दिलं की मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो, सदर मुलगी माझीच असून मी तिचा बाप आहे. नाथाजीनं ते दोनदा वाचलं. नोकरीत त्यानं पुष्कळ सह्या केल्या होत्या. रायफल मिळाली, सही. रायफल जमा केली, सही. पोरगी मिळाल्याची सही आज पहिल्यांदाच होत होती. परत वर येऊन तो पुढच्या रकान्याकडं वळला. 'या काळात पाल्य कोणाजवळ राहात होते?' त्यानं लिहिलं, 'आईजवळ'. मग पेन उचलून तो बराच वेळ त्या शब्दाकडं बघत बसला.

कारकून म्हणाला, प्रवेश अजून झालेला नाही, मुलीला घेऊन या. एवढ्या आश्वासनावर तो पिवळाधमक होऊन गावात उतरला. बाळासो पारावरून ओरडला, "मेजर, ह्या वयात हळद कुणाची लावून घेतलीस रं?" पार हसला. नाथाजीनं कॉलर झटकली, त्याबरोबर आणखी हळद उडाली.

घरी क्रांती फोन हातात घेऊन उभी होती. पुण्याच्या ज्या कॉलेजची तिनं निकालाआधीच परीक्षा दिली होती, मुलाखत दिली होती, त्याची यादी लागली होती. सातवं नाव तिचं होतं. शनिवारी पाचच्या आत जाऊन प्रवेश पक्का करायचा होता.

"चांगलं झालं," नाथाजी म्हणाला. रजा रद्द झाल्याची तार आली की तो याच आवाजात 'ठीक है' म्हणायचा. मग त्यानं सांगलीबद्दल सांगितलं, गाडीची वेळ सांगितली, आणि हातपाय धुवायला मोरीत गेला तो अर्धा तास बाहेर आला नाही.

त्याच्या मनातला पेच असा होता. नको म्हणायचं त्याच्या जिवावर आलं होतं, आणि जा म्हणणं त्याहून जड होतं. पण चोवीस वर्षं सैन्यात काढलेला माणूस समोरून जमलं नाही तर बगलेतून जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बिरदेवच्या दुकानात हजर झाला.

"मोठा फ्लेक्स पायजे. चौकासाठी. कुमारी क्रांती हिची सांगली येथे जाहिरातीच्या पदवीसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन."

"झाली व्हय निवड?" बिरदेवनं विचारलं.

"हुतीय."

"मग झाल्यावर लावू की, मेजर."

"तू छाप गड्या. आपल्याकडं आधी फ्लेक्स लागतो, मग निवड हुती."

यात खोटं काही नव्हतं. बोरजाईवाडीत तोंडचा शब्द फिरवता येतो, स्टॅम्पपेपरवरचाही कोर्टात जाऊन फिरवता येतो. चौकातल्या फ्लेक्सवरचा शब्द मात्र आजवर कुणी फिरवलेला नाही. एकदा फ्लेक्स लागला की पोरगी सांगलीची झाली, असा नाथाजीचा डाव होता. खाली 'शुभेच्छुक' म्हणून बाळासोचं नाव टाकायचं ठरलं. बाळासोनं आधी नर्सिंगचा आग्रह धरला, पण आपला फोटो काळ्या चष्म्यातला येणार म्हटल्यावर त्यालाही जाहिरातशास्त्राचं महत्त्व पटलं. त्यानं वरच्या आळीतले आणखी पंचवीस फोटो गोळा करून आणले.

"रंग किती दिस टिकतो रं ह्येचा?" निघता निघता नाथाजीनं विचारलं.

"उन्हात तीन म्हैनं," बिरदेव म्हणाला. "सावलीत ठेवला तर तीन वरसं ढिम्म हलत न्हाई. पर सावलीत फ्लेक्स लावतंय कोण?"

संध्याकाळपर्यंत फ्लेक्स चौकात उभा राहिला. नाथाजीनं क्रांतीचा पासपोर्ट फोटो दिला होता, पण वर आला होता तो भलताच, जुना. कराड स्टेशनवर वर्दीतला नाथाजी, पायाशी ट्रंक, आणि त्याच्या कडेवर पाच वर्षांची क्रांती. हा फोटो पूजानं, म्हणजे बायकोनं दिला असावा असं त्यानं धरलं. तो जवळ जाऊन नीट बघणार, तेवढ्यात बाळासोनं आपल्या चष्म्याचा विषय काढला आणि ते राहिलं.

घरी त्यानं सगळी तयारी केली होती. क्रांती रडेल, भांडेल, अन्न सोडेल. प्रत्येकाचं उत्तर त्यानं मनात बांधून ठेवलं होतं. क्रांती आली, जेवायला बसली.

"फ्लेक्स बघितलास का?" त्यानं शेवटी विचारलं.

"बघितला. मजकूर जास्त झालाय," ती म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा मोडला.

एवढंच. नाथाजीला हा विजय काही पचेना.

पण त्याला विचार करायला सवड मिळाली नाही, कारण बुधवारी सकाळी चौकात दुसरा फ्लेक्स उभा होता. पहिल्यापेक्षा दोन फूट रुंद. खालच्या आळीतल्या एकाचाही फोटो पहिल्या फ्लेक्सवर नव्हता, हे ज्योतिबाच्या जिव्हारी लागलं होतं. त्यानं त्याच क्रांतीचं, त्याच पदवीसाठी, सातारा येथे निवड झाल्याबद्दल त्रिवार अभिनंदन केलं होतं. मेजरच्या तोंडून सातारा झकास हे त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. शुभेच्छुक एकतीस.

आता बोरजाईवाडीची एक अडचण आहे. गाव सातारा जिल्ह्यात आणि निम्मं रान सांगली जिल्ह्यात. सात-बारा काढायला एकीकडं जायचं, रेशनकार्डाला दुसरीकडं. हे दुखणं जुनंच होतं. दोन फ्लेक्सनी त्याची खपली काढली.

"गाव साताऱ्यात हाय," ज्योतिबा चौकात म्हणाला. "पोरगी सांगलीला कशापायी?"

"आणि तुझा ऊस कुठं उभा हाय रं?" बाळासो उसळला. "सांगलीतच न्हवं? मग पानी तिकडचं चालतंय आणि कॉलेज चालत न्हाई व्हय?"

दोन दिवस गाव यावर बोललं. गुरुवारी वरच्या आळीनं मारुतीच्या देवळात क्रांतीचा सत्कार केला, ते कळताच खालच्या आळीनं तासाभरात दुसरा केला. पोरीला शाली दोन मिळाल्या, नारळ अकरा. घरी आमटीत नारळ, चटणीत नारळ, वड्या नारळाच्या. दोन्ही सत्कारांत सगळे बोलले. क्रांतीला माईक कुणी दिला नाही. ती खाली मान घालून हसत बसली होती. तसं हसताना नाथाजीनं तिला पूर्वी कधी तरी पाहिलं होतं. कधी ते त्याला आठवेना.

शुक्रवारी तो बिरदेवकडं गेला. चौकातला फोटो त्याला घरी लावायला लहान करून हवा होता.

"तेवढा फोटू मातर झकास निवडला पूजानं," तो म्हणाला.

बिरदेव मशीनवरून वळला. "वहिनींनी न्हाई, मेजर. ताईनं दिला तो. क्रांतीताईनं."

"तिला कुठं ठावं हुतं फ्लेक्सचं?"

"आवं, समद्या फायली तपासाय तिच्याकडंच जात्यात की. तुमी गेलासा आणि मी धाडली तिला. मला काय म्हाईत तुमी चोरून लावताय!" बिरदेवनं हात पुसले. त्याला बोलावं की नको असं झालं होतं. "वाचून ताईनं लगोलग फोन केला. मी म्हणलं, ताई, रद्द करू का? तर म्हणली, नको. पप्पा तोंडानं कवा काय मागत न्हाईत, फ्लेक्स लावून मागत्यात तर ऱ्हाते मी. फकस्त माझा एकलीचा फोटू नको, दोघांचा लाव म्हणली."

नाथाजी खुर्चीवर बसला. मशीनमधून कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स हळूहळू बाहेर येत होता. तो पूर्ण बाहेर येईपर्यंत नाथाजी उठला नाही.

घरी पूजा नारळ खवत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. तिनं खवणी बाजूला सारली आणि आत जाऊन एक पेटी ओढत आणली. पेटीत बूट होते. लाल, निळे, पट्ट्याचे, वेलक्रोचे. दर रजेचा एक जोड.

"हे अजून ठेवल्यात व्हय?" नाथाजी म्हणाला.

"नव्यागतच हायत की, रजंपुरतंच घातलेलं. आवं, तुमी मागच्या रजंला बघितलेल्या पायाचं बूट आणायचा. वरसात पोरीचा पाय वाढायचा, हे तुमच्या ध्यानातच यायचं न्हाई."

"मग सांगायचं न्हाई का? घालायची की ती! रोज घालायची."

"घालायची. टाच मोडून, बोटं दुमडून घालायची. फोड यायचं. पर तुमची रजा संपंपर्यंत एक शबूद काढायची न्हाई. पप्पांनी आणल्यात म्हणायची, आणि हसत बसायची." पूजानं एक लाल बूट त्याच्या हातात दिला. चौकातल्या फ्लेक्सवर पाच वर्षांच्या क्रांतीच्या पायात हाच बूट होता. "आता बी तुमी तेच आणलंसा. सांगली न्हवं ते. मागच्या रजंचं बूट हायत."

नाथाजीनं बूट तळहातावर घेतला. तो त्याच्या पंजाएवढाही नव्हता. डोळ्यांत आलेलं पाणी त्यानं पुसलं नाही, पूजापुढं पुसायची गरज नव्हती.

शनिवारी सकाळी सात वाजता त्यानं चौकात शिडी लावली.

पहिला फ्लेक्स सोडवायला तो वर चढला तेव्हा चौकात चारच माणसं होती. पाच मिनिटांत चाळीस झाली. दोघांनी शिडी धरली आणि खालून सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं डावी दोरी आधी, कुणी म्हणालं बांबूच काढ. बाळासो धोतर सावरत पळत आला.

"मेजर! माझा फोटू हाय त्यावर. मला इचारल्याबिगर उतरायचा न्हाई!"

"बघा!" ज्योतिबा गरजला. "सातारा पक्का झाला! मी म्हणत न्हवतो?"

"ज्योतिबा," नाथाजी वरून म्हणाला, "हा उतरला की तुझा बी उतरवणार हाय."

ज्योतिबाचं तोंड उघडं राहिलं. "मग पोरगी चाललीय कुठं?"

"पुण्याला."

मग, गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदाच, वरची आणि खालची आळी एक झाली. पुणं! सत्कार आम्ही करायचा आणि पोरगी पुण्याला! शाली परत द्या! बाळासो म्हणाला, गावाला काय तोंड दाखवणार, मेजर? ज्योतिबा म्हणाला, अगदी बरोबर बोललासा अण्णा. आणि या नव्या एकोप्याच्या भरात शिडी धरलेली दोन्ही माणसं हातवारे करायला लागली. शिडी घसरून ज्योतिबाच्या फ्लेक्सवर पडली आणि एकतीस शुभेच्छुक मधोमध फाटले. नाथाजी बांबूला लोंबकळत राहिला. त्याची चप्पल बाळासोच्या टोपीवर पडली.

त्याच वेळी क्रांती चौकात आली. तिनं वर पाहिलं, फ्लेक्सवर कडेवर बसलेल्या स्वतःकडं आणि शेजारी लोंबणाऱ्या बापाकडं.

"पप्पा! काय करताय?"

"आवर लवकर," नाथाजी शक्य तेवढ्या रुबाबात म्हणाला. "साडेआठची गाडी हाय."

"कुठली?"

"पुण्याची. पाचच्या आत पोचायचंय न्हवं?"

क्रांती हलली नाही. "तुमी फ्लेक्स लावलाय पप्पा. मी ऱ्हाणार हाय. मला चालतंय सांगली."

"चालतंय न्हवं," नाथाजी म्हणाला. त्याचा आवाज फाटला आणि चाळीस माणसांनी तो ऐकला. "टाच मोडून चालू नगंस आता. तुझ्या पायाचा नंबर काय सांग."

"काय?"

"बुटाचा नंबर! मला ठावं न्हाई. अठरा वरसं झाली, मला ठावं न्हाई तुझ्या पायाचा नंबर."

क्रांतीनं तोंडावर हात धरला. "सहा," ती म्हणाली, आणि मोठ्यांदा रडायला लागली. मग बाळासोनंच टोपीवरची चप्पल काढून खाली ठेवली आणि शिडी उचलली. ज्योतिबानं दुसरी बाजू धरली. कुणी काही सल्ला दिला नाही.

साडेचारला पुण्यात प्रवेश पक्का झाला. तिथल्या अर्जात पालकाच्या वास्तव्याचा रकाना नव्हता. नाथाजीनं प्रतिज्ञापत्र तरीही पुढं केलं. बाईंनी ते हसून परत दिलं आणि त्यानं ते घडी घालून खिशात ठेवलं. बाहेर आल्यावर त्यानं पहिल्याच दुकानात सहा नंबरचे बूट घेतले. क्रांती दुकानात चार पावलं चालून दाखवत होती आणि तो तिच्या पायांकडं बघत होता.

पंधरा दिवसांनी ती गेली. नाथाजीला पारावर आठवडाभर 'पुणेकर मेजर' ऐकावं लागलं, मग गावाला दुसरा विषय मिळाला.

चौकातला फ्लेक्स त्यानं म्हशीच्या गोठ्यावर घातला. गावात सगळे जुने फ्लेक्स अखेरीला तिथंच जातात, त्यात काही विशेष नव्हतं. पण घालताना त्यानं छापलेली बाजू आत घेतली.

"उलटा घातलास की रं," बाळासो कुंपणावरून म्हणाला. "माझं तोंड म्हशीकडं झालं."

"चकचकीत बाजू वर आली की पानी साचतंय, अण्णा," नाथाजीनं ठोकून दिलं.

आता रोज पावणेसातला सांगलीची गाडी फाट्यावर हॉर्न देते. त्या वेळी नाथाजी धार काढायला बसतो. मान वर केली की कराडचं स्टेशन, ट्रंक, वर्दी आणि लाल बुटांतली क्रांती. खाली सव्वीस शुभेच्छुक. बहुतेक त्याच सुमाराला फोन वाजतो.

"पप्पा, काय करताय?"

"काय न्हाई. धार काढतोय. बूट बसतंय न्हवं?"

"बसतंय पप्पा. रोज काय इचारताय?"

"असंच," तो म्हणतो. फोन ठेवून तो वर बघतो. रंग अजून कुठंच उतरलेला नाही. बिरदेव म्हणाला होता, सावलीत तीन वर्षं टिकतो. पदवीही तीनच वर्षांची आहे. धार काढून झालेली असते, म्हैस पाय हलवत असते, पूजा घरातून जेवायला हाक मारते. तरी नाथाजी आणखी थोडा वेळ तिथंच बसून राहतो.